पासपोर्टातला गाल

बोदवड
९ नोव्हेंबर २०२५

राजदीप यांना जय भीम.

आधी सवयीने 'सप्रेम' लिहिलं होतं, ते खोडलं. नीट खोडलेलं नाही, उजेडात धरलंत तर वाचता येईल.

फोनवर तुम्ही मला ब्लॉक केलंय, म्हणून ही कागदाची कटकट. तुमच्या तिकडच्या पॉवर प्लांटमधला फिटर, नशिराबादचा तौसिफभाऊ, बहिणीच्या लग्नाला आला होता, तो परवा परत निघतोय. त्याच्या पिशवीत ज्वारीच्या बिबड्या आहेत, संबोधीला शेंगदाण्याची चटणी आहे आणि तळाशी हे पत्र. कुणी फोडून वाचलं का म्हणून त्याच्यावर डाफरू नका. मी ते चिकटवलेलंच नाही.

तुम्ही पोरीला सांगितलंत की आई आलीच नाही, आईला यायचंच नव्हतं. आठ वर्षांच्या पोरीला. पुढच्या वेळी तिच्याशी खोटं बोलाल तेव्हा खरं काय ते निदान तुम्हाला तरी माहीत असू द्या. मी आले होते. तुम्ही ज्या काचेच्या बाहेर उभे होतात, तिच्याच आत मी होते.

विमानातून उतरल्यावर मला वाटलं, इथे कुणी साहेब बसलेला असेल, कुठून आलात, कशाला आलात विचारेल. मी हिंदीत उत्तरं पाठ करून नेली होती. साहेब नव्हताच. नुसती फाटकं. पासपोर्ट काचेवर ठेवायचा, पुढे व्हायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं, हिरवा दिवा लागला की काच बाजूला होते. माझ्या पुढे काठी टेकत चाललेली म्हातारी होती, ती सुद्धा गेली. माझ्या वेळी लाल. मी ओढणी काढली, केस मागे घेतले. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा मी हसून बघितलं. हसले की माझी डावी बाजू किती खाली उतरते ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच म्हणाला होतात, साक्षी, तू आता हसत जाऊ नकोस.

मग वर्दीतली एक बाई आली आणि दंडाला धरून मला एका खोलीत घेऊन गेली. तिथे पडद्यावर दोन फोटो लावले होते. एक पासपोर्टातला, सात वर्षांपूर्वीचा. दुसरा व्हिसाच्या अर्जातला, यंदाचा. दोन्ही फोटो एकमेकांशी झकास जुळत होते. मीच कुणाशी जुळत नव्हते.

यंदाच्या फोटोची करामत आमच्या वनाभाऊची. त्याच्या स्टुडिओने अर्ध्या बोदवडच्या सोयरिकी जमवल्या आहेत. काळी पोरगी तिथून गहूवर्णी होऊन बाहेर पडते, टकलावर केस येतात, देवीचे वण जातात. याचे तो वेगळे पैसे घेत नाही, माणुसकी म्हणून करतो. तुमच्या आईने त्याच्या टेबलावर माझा जुना पासपोर्ट उघडून ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, पहिले व्हतं तसं बठ्ठं करी दे. पासपोर्टमा शे तसं." वनाभाऊने माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही विचारलं नाही. संगणकावर त्याने गाल भरला, डोळा वर उचलला, जबडा सरळ केला. "घ्या ताई," म्हणाला, "होतं तसं झालं." मला तो फोटो फार आवडला होता. चार दिवस उशाखाली ठेवून झोपले.

तो फोटो समोर ठेवून त्यांनी तुम्हाला फोन लावला, स्पीकरवर. साहेबाने हिंदीतच विचारलं, फोटोतली बाई अशी आहे आणि माझ्यासमोर बसलेली बाई तशी आहे, हिला काय झालंय, तुम्ही नवरा आहात, सांगा. मी खुर्चीत पुढे सरकून बसले. तुम्हाला एक वाक्य बोलायचं होतं. पडली म्हणायचं. अपघात म्हणायचा. मोरीत घसरली म्हणायचं, जे आपण दीपनगरच्या कॉलनीपासून धुळ्याच्या देवपूरपर्यंत सगळ्यांना सांगत आलो. पण खोलीत पोलीस आहे हे तुम्हाला कळलं असणार, आणि बायकोच्या तोंडाचे हाल केले तर त्या देशात काय होतं तेही कुणीतरी सांगितलं असणार. तुम्ही म्हणालात, "मेरी बीवी फोटो जैसी है. ये औरत कौन है, मुझे नहीं पता."

तुमच्या मागून संबोधीचा आवाज आला. "पप्पा, आई आली का?"

तुमचा पाना तोंडावर बसला तेव्हा मला आधी आवाज आला होता आणि दुखलं नंतर. त्या खोलीत आधीच दुखलं.

माझी दहाही बोटं काचेवर दाबून घेतली, दुसऱ्याच्या पासपोर्टवर आलेली बाई म्हणून नाव चढवलं आणि मिळेल त्या विमानात बसवून दिलं. मुंबईला उतरल्यावर इकडच्या पासपोर्ट तपासणाऱ्या बाईसाहेबांनी विचारलं, चेहऱ्याला काय झालं? माझ्या तोंडून काय निघालं असेल? "मोरीत पडले." जिभेला वळणच तसं पडलंय. त्या म्हणाल्या, डॉक्टरचा कागद करा, या चेहऱ्याचा नवा पासपोर्ट काढा, आणि तिकडची बंदी उठवायची तर नवऱ्याने लिहून द्यायला हवं.

तेव्हा एवढंच करा. ही माझी बायको आहे आणि अपघातात तिचा चेहरा बिघडला, असं लिहून द्या. अपघातच म्हणा. मी कुठेही नाही म्हणणार नाही. तुम्ही पोरीला शाळेसाठी म्हणून पुढे घेऊन गेलात, आई मागून येईल म्हणालात, ते तरी खरं करा. मला माझ्या पोरीपाशी येऊ द्या, बाकी मला काही नको.

तिची वेणी फार घट्ट घालत जाऊ नका. कपाळ दुखतं तिचं.

साक्षी


बोदवड
२२ फेब्रुवारी २०२६

राजदीप,

हे पत्र तुला आत्ता मिळणार नाही. लिहून डब्यात ठेवणार आहे, वेळ आली की पाठवेन. 'तू' लिहिताना हात अडेल असं वाटलं होतं. अडला नाही.

नोव्हेंबरच्या पत्राला उत्तर म्हणून तू तौसिफभाऊबरोबर तोंडी निरोप धाडलास. "तिला म्हणावं, आधी तोंड नीट करून ये." तौसिफभाऊने तो निरोप मला महिनाभर सांगितलाच नव्हता. बिचारा प्रत्येक फोनला म्हणायचा, भाभी, साहेब बघतो म्हणाले.

परवा दुपारी दारात रिक्षा थांबली आणि तुझी आई उतरली. तोंडावर मी त्यांना आत्या म्हणते, मनातल्या मनात कायम कलाबाई. खरं सांगायचं तर मनात त्याहून वाईटही म्हणत आले. संबोधीला सांभाळायला तू तिला तिकडे नेलं होतंस, व्हिसा संपला म्हणून परत पाठवलंस. पण धुळ्याच्या घरी न जाता ती भुसावळला उतरून थेट इकडे माझ्या माहेरी आली. उजवा हात फडक्याने गळ्यात बांधलेला. मनगट एवढं सुजलेलं की तिकडच्या फाटकावर बोटं टेकवता येईनात. शेवटी कुणा माणसाने तिचा हात धरून काचेवर दाबला, तेव्हा ती ओरडली आणि दार उघडलं.

मी पाणी दिलं. तिने ते डाव्या हाताने घेतलं, अर्धं सांडलं, आणि पदराने तोंड पुसून बोलायला लागली. मी तिला मधे एकदाही थांबवलं नाही.

संबोधीला माझा नंबर पाठ आहे. तुझ्या घरी विसरलेल्या तौसिफभाऊच्या फोनवरून तिने तो लावला. मी उचलला होता राजदीप, चौदा फेब्रुवारीला संध्याकाळी. ती "आई, मी" एवढंच म्हणाली आणि फोन बंद झाला. मला वाटलं रेंज गेली. रेंज गेली नव्हती, तू आला होतास. तू तिला विचारलंस, कुठल्या बोटाने नंबर लावला? तिने बोट दाखवलं. पोरीला वाटलं तू खरंच विचारतोयस. ते बोट तू कपाटाच्या दारात धरलंस आणि दार लोटलंस. तुझी आई मधे पडली तर तिला ढकललंस, ती पलंगाच्या कडेवर आदळली आणि तिचं मनगट मोडलं. तेवढ्या वेळात तू दार पुन्हा लोटलंस.

मी उठून मागच्या अंगणात गेले. तिथे पापड वाळत घातले होते. मी एकेक पापड उचलला आणि हातात चुरला. सगळे चुरले. मग परत आत आले. कलाबाई तिथेच बसली होती.

"पोरी," ती म्हणाली, "तवय मी मोरीनं खोटं सांगं. आते नही सांगाव."

मग म्हणाली, "पाना मनाजोडे शे." तिच्याजवळ, इतके दिवस.

गेल्या वर्षीचा जानेवारी तुला आठवत नसेल, मला आठवतो. दीपनगरची आपली खोली, तुझे तीन मित्र, आणि बॉयलरच्या परीक्षेचा निकाल. तू तिसऱ्यांदा नापास झालास. मित्र म्हणाले, पेपर अवघड होता. तू म्हणालास, पेपर बरोबर होता, तपासणारे चूक होते. आणि मी हसले. एवढंच केलं मी. मित्र गेल्यावर तू कामाच्या पिशवीतून चोवीसचा पाना काढलास. नंतर सगळ्यांना म्हणालास, हातातून सुटला. आणि तुझ्या आईने डॉक्टरला सांगितलं, मोरीत पडली. दोघांचं खोटंही एक नव्हतं, तरी कुणी विचारलं नाही. अख्ख्या कॉलनीने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मोरी घासत जा म्हणून सल्ला दिला. माझा चेहरा बदललाय असं तोंडावर म्हणणारं पहिलं कोण, तर ते काचेचं फाटक. वर्षभरात माणसांना जे दिसलं नाही ते त्याला दिसलं, आणि त्याची शिक्षा त्याने मला दिली, हा भाग वेगळा.

काल आम्ही दोघी धुळ्याला गेलो. देवपूरच्या घरात तिने बाजरीच्या कोठीत कोपरापर्यंत डावा हात घातला आणि पाना बाहेर काढला. जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला, न पुसलेला. मला वाटलं होतं तो केव्हाच तापीत गेला असेल. मी विचारलं, आत्या, ठेवलात कशाला? तर तुझी आई काय म्हणते, "चांगला पाना शे. कसा फेकू?" ज्या बाईने आयुष्यात गंजलेला खिळा टाकला नाही, तिच्याकडून पाना टाकवला नाही. बाकी तिने तुझ्यासाठी सगळं केलं. फरशी पुसली, डॉक्टरला फसवलं, माझा फोटो सरळ करून घेतला. या एका गोष्टीत तिचा हात चालला नाही.

तो गुंडाळलेला पाना तसाच पोलिसांना द्यायचा होता, म्हणून मी त्याला हात लावला नाही. पण तुझ्या पेटीत त्याच्या जोडीचा दुसरा होता. तो घेऊन मी मागच्या भिंतीपाशी उभी राहिले. तुझा हात तेव्हा कसा चालला असेल ते मला बघायचं होतं. पहिला घाव घातला, प्लास्टर उडालं. पाना जड आहे रे. घाव बसल्यावर हात आपोआप खाली येतो. पुन्हा वर न्यायचा तर खांद्यात जोर आणावा लागतो, दम घ्यावा लागतो. म्हणजे पहिला घाव तू रागात घातलास असं मी एक वेळ मानलं, तरी दुसऱ्याच्या आधी तुला वेळ मिळाला होता. तिसऱ्याच्या आधीही मिळाला होता. तेवढ्या वेळात तू माझ्याकडे बघत होतास, मला आठवतंय. तिसऱ्या घावाला मी भिंतीच्या जागी तुझं तोंड धरलं आणि वीट फुटली. मला बरं वाटलं. मग संबोधीच्या बोटाची आठवण आली आणि पाना हातातून टाकला.

आज जळगावला मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फोटो काढून पडद्यावर माझी हाडं दाखवली. म्हणाले, बाई, एका पडण्यात माणूस इतक्या ठिकाणी मोडत नाही. मी म्हणाले, मोरीत पडले नाही, नवऱ्याने मारलं. तोंडातून ते पहिल्यांदाच बाहेर पडलं. आकाश काही कोसळलं नाही. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

तिथून पोलीस ठाण्यात. कलाबाईने पाना टेबलावर ठेवला आणि दोन तास जबानी दिली. मुलाचं नाव विचारलं तेव्हा तेवढी रडली. फौजदार म्हणाले, कोर्टाचं वॉरंट घेतो आणि देशातल्या सगळ्या विमानतळांवर त्याचं नाव चढवतो, पाऊल टाकलं की धरला. पण त्याला स्वतःहून यायला हवं. तिकडून ओढून आणणं आमच्या हातात नाही.

तेव्हा तू यायला हवंस. आणि पोरीला घेऊन यायला हवंस. आजपासून मला दुसरं काम नाही.


बोदवड
८ मार्च २०२६

संबोधीचे पप्पा यांना सप्रेम जय भीम.

आईंच्या सांगण्यावरून तुम्ही मला पुन्हा फोनवर घेतलंत, आभारी आहे. तरी मनातलं नीट लिहूनच सांगता येतं, म्हणून पत्राचा फोटो काढून पाठवते.

यंदा जयंतीला देवपुरात येताय हे ऐकून घर आनंदलं. आईंचा हात आता बरा आहे. त्या सगळ्यांना सांगतात, तिकडच्या गुळगुळीत फरशीवर घसरले. म्हणतात, माझा पोरगा नसला तर मिरवणुकीत ढोल कोण वाजवणार, बाकीचे नुसते बडवतात.

मागचं सगळं मी विसरले. चूक माझीच होती, चार माणसांत नवऱ्याला हसू नये. चेहऱ्याचं म्हणाल तर मी कुणाजवळ काही बोललेली नाही आणि बोलणारही नाही. नव्या पासपोर्टचं तुम्ही आल्यावर तुमच्या सल्ल्याने बघू.

संबोधीला नक्की आणा. तिची आज्जी झुरते आहे.

आणि एक हट्ट आहे. जूनमध्ये जाताना तुम्ही विमानतळावर बोटांचे ठसे देऊन त्या नव्या फाटकासाठी नाव नोंदवलंत ना, मी सगळ्या बायकांना सांगत असते. आमच्या ह्यांना रांग नाही, बोट टेकवलं की पार. तुम्हीच म्हणाला होतात, कुणाच्या तोंडाला लागावं लागत नाही. येताना त्यातूनच या. लहान मुलांना ते चालत नाही म्हणे, पण तौसिफभाऊ करार संपवून त्याच विमानाने येतोय. तो संबोधीला घेऊन रांगेत थांबेल. तुम्ही एवढे मोठे ऑपरेटर, तुम्ही कशाला दीड तास लोकांचे धक्के खायचे?

वाट बघते.

तुमचीच
साक्षी


बोदवड
२० एप्रिल २०२६

राजदीप,

जिल्हा कारागृह, जळगाव हा तुझा पत्ता लिहायला मला मजा आली. पाकिटात फेब्रुवारीचं पत्रही आहे. आधी ते वाच. तुझ्या आधी जेलर वाचतील, वाचू देत.

मार्चचं पत्र शब्दान् शब्द खोटं होतं. तुझ्या आईने शेजारी बसून सांगितलं, ढोलाचं लिही, तो ढोलाला भुलतो. फाटकाचं मी माझ्या डोक्याने लिहिलं. फौजदार म्हणाले होते की काउंटरवर धरू नाहीतर फाटकात धरू, आम्हाला सारखंच. मला सारखं नव्हतं. काउंटरवर तुझ्या एका हातात पासपोर्ट असता आणि दुसऱ्या हातात माझ्या पोरीचा हात. पोलीस दिसल्यावर तू त्या हाताचं काय केलं असतंस ते मला कुणी सांगायला नको. तू एकटा हवा होतास. तुला पोरीपासून वेगळं काढायचं तर तुझा तोरा हाच उपाय होता, आणि तू माझी निराशा केली नाहीस.

तौसिफभाऊने सगळं सांगितलं. विमानातून उतरल्यावर तू शंभर माणसांची रांग बघितलीस, कॉलर नीट केलीस आणि पोरीला म्हणालास, "तू अंकलसोबत थांब. पप्पांना रांग नसते." पासपोर्ट टेकवलास, पहिलं दार उघडलं, तू आत गेलास, ते मागे बंद झालं. मग कॅमेऱ्याकडे बघितलंस, बोट टेकवलंस. पुढचं दार उघडलं नाही. तू मागे वळून तौसिफभाऊकडे बघून हसलास. बोट पँटला पुसून पुन्हा टेकवलंस. यंत्राने तुला ओळखलं होतं रे, अगदी बरोबर ओळखलं होतं. म्हणूनच उघडत नव्हतं.

मग समोरून वर्दीतली दोन माणसं येताना दिसली. ती पळत नव्हती, सावकाश चालत येत होती. ती तुझ्याकडेच येतायत हे तुला कळलं, आणि तू दाराला मारायला लागलास.

आधी बुक्क्या. मग कोपर. मग खांदा, मग लाथा, मग पुन्हा बुक्क्या. आईवरून शिव्या देत होतास, त्या काचेतून नीट ऐकू येत नव्हत्या, नुसतं तोंड हलताना दिसत होतं. तौसिफभाऊ म्हणाला, भाभी, काचेवर लाल पंजे उमटले होते, आणि वर्दीवाले दाराच्या पलीकडे हाताची घडी घालून उभे होते, दमू देत म्हणून. रांगेतल्या लोकांनी फोन काढले होते. शेवटी तू डोकं आपटलंस आणि खाली बसलास, तेव्हा त्यांनी दार उघडलं. तुझ्या उजव्या हाताची तीन हाडं मोडली असं फौजदारांनी कळवलं. बोटं इतकी सुजली की ठाण्यात ठसे घेता आले नाहीत, हात बरा होईपर्यंत थांबावं लागेल. हे ऐकून मला आनंद झाला. लपवत नाही. मी घरी आल्यावर गूळ-शेंगदाणे वाटले.

इथपर्यंत लिहून दोन दिवस पत्र तसंच ठेवलं होतं. पुढचं लिहिल्याशिवाय ते पुरं होत नाही.

मी आणि तुझी आई बाहेर कठड्यापाशी उभ्या होतो. मला एकच भीती होती. पोरीने मला दहा महिन्यांत बघितलेलं नाही, तू तिला रोज काहीबाही सांगितलेलं, आणि हा चेहरा तर फाटकालाही ओळखता आला नव्हता. तौसिफभाऊ तिला घेऊन बाहेर आला. त्याच्या सामानाची ट्रॉली त्याने कुठेतरी सोडून दिली होती. लांबूनच म्हणाला, "भाभी, हिचा हात सोडला नाही. अल्ला कसम." पोरगी वाळली आहे. केस कापलेत तू तिचे, आडवे-तिडवे. तिने माझ्याकडे बघितलं आणि त्याच क्षणी म्हणाली, "आई."

तिला ओळखायला वेळच लागला नाही, राजदीप. मीच वेडी.

मी तिच्या डोळ्यांवर आलेले केस मागे सारायला हात वर केला. तिने कोपर तोंडावर घेतलं आणि खाली वाकली. पटकन, सराव असल्यासारखं. माझा हात वरच राहिला. तुझ्या आईने ते बघितलं आणि तोंड फिरवून कठड्यावर डोकं टेकवलं. तौसिफभाऊ जमिनीकडे बघत होता. मी हात खाली घेतला, खाली बसले आणि तशीच बसून राहिले. बऱ्याच वेळाने तिने कोपर बाजूला केलं.

मुंबईहून निघालेल्या गाडीत ती खिडकीपाशी बसली. चटणी-पोळी खाल्ली. डाव्या हाताने खाते आता, उजव्या हाताचं ते बोट वाकत नाही, जळगावच्या डॉक्टरांना दाखवायचं आहे. चाळीसगाव गेल्यावर मला वाटलं झोपली. तेवढ्यात म्हणाली, "आई, पप्पा त्या दाराला खूप मारत होते."

"हो बाळा."

"दार रडलंच नाही."

मी डब्याचं झाकण लावलं.

"मग पप्पा दमले आणि थांबले," ती म्हणाली. "मी पण रडायला नको होतं का?"

तुला सुटायला किती वर्षं लागतील ते वकील सांगतील. तेवढ्यात या प्रश्नाचं उत्तर शोध. मला पाठवू नकोस, मला ते नको आहे. तिला उत्तर मी दिलं, पण ते पटलं की नाही कळत नाही, कारण तिने पुन्हा विचारलेलं नाही.

तुझी आई आमच्याकडेच राहते. परवा वनाभाऊकडे गेलो होतो, संबोधीच्या शाळेच्या दाखल्याला फोटो हवा होता. तिच्या कपाळावर तिकडून आलेला एक नवा वण आहे, तो बघून वनाभाऊ सवयीने माऊस हलवायला लागला. कलाबाई म्हणाली, "भाऊ, जसं शे तसंच राहू दे."

केस थोडे वाढलेत, वेणी जेमतेम येते. रोज सकाळी ती माझ्याकडे पाठ करून बसते. हात उचलायच्या आधी मी मोठ्याने सांगते, "संबोधी, वेणी घालतेय हं." मग ती खांदे सैल सोडते, आणि मी वेणी घालते.

साक्षी